९ मिमी, पण कोणतं ९ मिमी? पहिल्या महायुद्धाच्या काळातली युरोपीय पिस्तुलांची काडतुसं

टूलरूम:

मागच्या महिन्यात इथल्याच एका चर्चेत कुणीतरी सहज लिहून गेलं, की जर्मनांचं ९ मिमी काडतूस इतकं सरस होतं की पुढे सगळ्या सैन्यांना ते घ्यावंच लागलं. त्या वाक्यापाशी मी अडकलो तो अजून सुटलेलो नाही. चिंचवडला कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या खात्यात, माझी ३२ वर्षं गेली. बंदुकीशी संबंध पुस्तकांपुरता आणि संग्रहालयातल्या काचेपुरता, पण काडतूस दिसलं की मला आधी त्याचं ड्रॉइंग दिसतं: बुडाचा व्यास, तोंडाचा व्यास, लांबी, उतार. त्या ड्रॉइंगांवरून माझं मत उलटं झालं आहे. १९१४ साली युद्ध पेटलं तेव्हा जर्मनांचं ९ मिमी हे अनेकांतलं एक होतं, आणि शेजारच्या ऑस्ट्रियाच्या काडतुसापेक्षा काही फार वरचढ नव्हतं.

अनेक म्हणजे किती, ते आधी सांगतो. त्या वर्षी युरोपात '९ मिमी' नावाची सात काडतुसं तरी वापरात होती. ओळखायची पुंगळीच्या, म्हणजे दारू आणि गोळी धरणाऱ्या धातूच्या नळकांड्याच्या, लांबीवरून. जर्मन पॅराबेलमची पुंगळी १९ मिमी. इटलीच्या ग्लिसेंटीचीही १९. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या स्टायरची २३. स्पेन आणि डेन्मार्कने घेतलेल्या बर्गमान-बेयार्डचीही २३, पण ती स्टायरच्या बदली चालत नाही. स्वीडनने घेतलेलं ब्राउनिंग लाँग २०, ब्राउनिंगचंच आखूड १७, आणि माउझरने परदेशी गिऱ्हाइकांसाठी काढलेलं २५. गोळीचा व्यास सगळ्यांचा जवळपास सारखा. बाकी बूड, कड, उतार, दाब, सगळं ज्याचं त्याचं.

जर्मन घराणं एकाच खोडातून फुटलं. १८९३ साली ह्यूगो बोर्शार्टने आपल्या अवजड पिस्तुलासाठी ७.६५ मिमीचं, बाटलीसारखी मान असलेलं काडतूस केलं. पिस्तूल फार चाललं नाही, काडतूस मात्र बिनधुराच्या दारूचा नीट विचार करून केलेलं होतं. माउझरने जवळपास त्याच मापांवर ७.६३ मिमीचं काडतूस आपल्या १८९६ च्या सी ९६ पिस्तुलासाठी घेतलं. गेओर्ग लुगरने दुसरी वाट धरली. त्याने पुंगळी २५ वरून २१ मिमीवर आणली, म्हणजे मॅगझिन (काडतुसांची पेटी) मुठीत घालूनही मूठ हातात मावेल. हे ७.६५ पॅराबेलम. स्वित्झर्लंडने १९०० साली ते सैन्यासाठी घेतलं.

मग १९०२ च्या सुमारास लुगरने जे केलं त्याला मी मनापासून दाद देतो. मोठी गोळी हवी अशी मागणी होती. नवं काडतूस काढायचं म्हणजे ब्रीच (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) नवी, मॅगझिन नवं, मापं तपासायचे गेज नवे, सगळा खर्च पुन्हा. त्याने बूड तसंच ठेवलं, सुमारे १० मिमीचं. मान काढून टाकली, पुंगळी १९ मिमीवर आणली आणि तोंडात ९ मिमीची गोळी बसवली. त्याच पिस्तुलाची नळी बदलली की काम झालं. बुडाशी ९.९ आणि तोंडाशी ९.६५ असा पाव मिलिमीटरचा उतार राहिला, ती त्या जुन्या बाटलीची खूण. जर्मन नौदलाने हे १९०४ साली घेतलं, भूदलाने १९०८ साली.

आता तुलना. ७.६३ माउझर: ५.५ ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे ४३० मीटर. पॅराबेलम: ८ ग्रॅम, सुमारे ३२५. स्टायर: ७.५ ग्रॅम, सुमारे ३४०. इंग्रजांचं .४५५ वेब्ले: १७.२ ग्रॅम, जेमतेम १८५. ब्राउनिंगचं ७.६५: ४.७ ग्रॅम, २९० च्या आसपास. ऊर्जा काढली तर माउझर ५०८ ज्यूल, स्टायर ४३३, पॅराबेलम ४२२, वेब्ले २९४, ब्राउनिंग १९८. आता वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग, एवढंच काढा, वेगाचा वर्ग न करता. वेब्ले ३.१८ वर जाऊन पहिलं बसतं, पॅराबेलम २.६, स्टायर २.५५ आणि माउझर २.३७ वर घसरतं. म्हणजे कोणतं गणित मांडायचं ते आधी ठरवा, विजेता त्याप्रमाणे बदलतो. दोन्ही गणितांत स्टायर आणि पॅराबेलम जवळजवळ खांद्याला खांदा लावून आहेत. तरी स्टायर आज संग्राहकांपुरतं उरलंय आणि पॅराबेलम जगभर आहे.

माझं म्हणणं असं, की हा निकाल पिस्तुलाने लावलेला नाही. १९१८ साली जर्मनांनी पॅराबेलमवर चालणारी एमपी १८ सबमशीनगन (पिस्तुलाची काडतुसं धडाधड झाडणारी हलकी बंदूक) खंदकांत आणली, तिथे या काडतुसाचं नशीब उघडलं. जाणकारांनी खोडून काढावं.

रानवारा:

लेख आवडला, वाचनखूण साठवली आहे. पण वेब्लेला तुम्ही एका ओळीत उरकलंत, ते मला सोसलं नाही.

ते काडतूस हळू आहे कारण ते काळ्या दारूच्या जमान्यातलं आहे. वेब्ले मार्क १ रिव्हॉल्व्हर १८८७ चं. पुढे कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली, १८९७ च्या मार्क २ काडतुसात पुंगळी आखूड केली, पण जुनी रिव्हॉल्व्हरं तशीच वापरायची होती, त्यामुळे दाब वाढवता येत नव्हता. मग इंग्रजांनी गोळीचा आकार बदलून पाहिला. १८९८ ची मार्क ३ गोळी समोरून वाटीसारखी पोकळ होती. १८९९ मध्ये हेगला शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांविरुद्ध जाहीरनामा झाला आणि ती मागे घ्यावी लागली. त्या जाहीरनाम्यामागे जी गोळी सर्वांत जास्त गाजली ती .३०३ रायफलची होती आणि आपल्याकडच्या, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तयार झाली होती. इथल्या सरहद्दीवरच्या लढायांसाठी केलेली गोळी, आणि तिच्यामुळे इंग्रजांच्या रिव्हॉल्व्हरची गोळीही अडचणीत आली.

आणि चिखल. १९१५ च्या मार्क ६ वेब्लेचं काम हाताच्या जोरावर चालतं. एखादं काडतूस उडलं नाही तर चाप पुन्हा ओढा, चक्र फिरतं, पुढचं समोर येतं. ज्याला रात्री अंधारात समोरच्या खंदकात उतरायचंय त्याला ज्यूलपेक्षा याची किंमत जास्त.

नवशिकी:

खूप माहितीपूर्ण धागा. एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारते. बाटलीसारखी मान आणि सरळ पुंगळी यात नेमका फरक काय पडतो? आणि 'कड' म्हणजे काय?

टूलरूम:

नवशिकी, प्रश्न प्राथमिक नाही, सगळ्या धाग्याचं मूळ तिथे आहे.

काडतूस नळीच्या मागच्या खोबणीत शिरतं तेव्हा ते कुठेतरी अडायला हवं. फार आत गेलं तर पिन टोपीपर्यंत (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या भागापर्यंत) नीट पोचत नाही. फार बाहेर राहिलं तर ब्रीच बंद होत नाही. हे अडणं चार तऱ्हांनी होतं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, थाळीच्या काठासारखी. ती चक्रावर टेकते, सोपं काम. पण अशी काडतुसं मॅगझिनमध्ये एकावर एक रचली की कडा एकमेकींत अडकतात. म्हणून बोर्शार्ट, माउझर आणि लुगर यांनी कड बुडाच्या व्यासाइतकीच ठेवली आणि काडतूस बाटलीच्या खांद्यावर अडवलं. ९ मिमी पॅराबेलमला खांदाच नाही, ते पुंगळीच्या तोंडाच्या काठावर अडतं. म्हणजे पुंगळीची लांबी काटेकोर सांभाळावी लागते. कागदावर सोपं दिसतं, लाखांच्या उत्पादनात ते सांभाळणं हे मोठं काम आहे. आणि जॉन ब्राउनिंगने बेल्जियममधल्या हर्स्टालच्या एफएन कारखान्यासाठी ७.६५ काढलं तेव्हा मधला मार्ग घेतला: अगदी किंचित कड, मॅगझिनमधून सरकेल एवढी आणि अडेल एवढीच. स्वीडनच्या ९ मिमी ब्राउनिंग लाँगलाही तशीच किंचित कड आहे.

रानवारा, वेब्लेबद्दल मान्य. मूळ लेखात त्याला जागा द्यायला हवी होती.

डोनाउकाठी:

मी व्हिएन्नात राहते. इथल्या जुन्या आर्सेनलमधल्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात माझं नेहमी जाणं होतं. स्टायरबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ऑस्ट्रिया-हंगेरीने १९१२ च्या स्टायरच्या आधी रोथ-स्टायर १९०७ घेतलं होतं, घोडदळासाठी. त्याचं ८ मिमीचं काडतूस अगदी स्वतंत्र, दुसऱ्या कशातच न चालणारं. घोडा बिथरला की स्वाराचं बोट चापावर आवळलं जाणार, म्हणून त्या पिस्तुलात चाप ओढल्यावरच पिन पूर्ण ताणली जाते. घोड्याच्या स्वभावाचा विचार करून बनवलेलं पिस्तूल आहे ते. १९१२ च्या स्टायरमध्ये मॅगझिन मुठीतून निघत नाही. वरून ८ काडतुसांची पट्टी लावायची आणि अंगठ्याने दाबून आत सरकवायची, रायफलसारखं. तुमच्या तुलनेत याचा उल्लेख हवा, कारण काडतूस किती वेगाने जातं याइतकंच ते पिस्तुलात किती वेगाने भरता येतं हेही सैनिकासाठी महत्त्वाचं.

त्याच इमारतीत सारायेवोची मोटारगाडी आहे आणि आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा गणवेश. २८ जून १९१४ ला गावरिलो प्रिन्सिपने वापरलेलं पिस्तूल एफएन १९१० होतं, ९ मिमी आखूड काडतुसाचं. मराठीत कित्येक ठिकाणी ते ७.६५ असल्याचं वाचलंय, ते चूक आहे. टूलरूम, तुमच्या यादीतलं १७ मिमीचं ते काडतूस. त्या दालनात मी एकदा शाळेच्या मुलांच्या मागे उभी होते. सगळी गाडीभोवती गर्दी करून होती. मी मात्र विचार करत होते, की सात काडतुसांतलं सर्वांत आखूड हे.

टूलरूम:

ताई, स्टायरच्या पट्टीची आठवण दिलीत ते फार बरं झालं. आणि तुमच्या शहराचाच एक पुरावा माझ्या बाजूने जातो. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यावर हजारो स्टायर पिस्तुलांना ९ मिमी पॅराबेलमच्या नळ्या बसवल्या आणि ओळखीसाठी ०८ चा शिक्का मारला. पिस्तूल चांगलं होतं, काडतूसही चांगलं होतं. पण दोन प्रकारची ९ मिमी एका पुरवठ्यात ठेवणं त्यांना नको होतं.

जुने दप्तर:

माझा विषय काडतुसं नाही, आपल्याकडची क्रांतिकारक चळवळ. पण माउझरच्या ७.६३ चा आपल्या इतिहासाशी इतका जवळचा संबंध आहे की इथे लिहिणं भाग आहे.

२६ ऑगस्ट १९१४. कोलकात्यातल्या रोडा अँड कंपनी या शस्त्रविक्रेत्यांचा माल बंदरात आला होता. कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र तो कस्टम हाऊसमधून सोडवायला गेला. २०२ पेट्या सुटल्या, कंपनीच्या गोदामात १९२ पोचल्या. उरलेल्या १० पेट्या बैलगाडीतून भलतीकडे गेल्या, आणि श्रीशचंद्रही दिसेनासा झाला. त्या पेट्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती. युरोपात युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता.

टूलरूम यांच्या पद्धतीने गणित केलं तर एका पिस्तुलामागे ९२० काडतुसं येतात. मला वाटतं या घटनेबद्दल लिहिताना सगळे ५० हा आकडा सांगतात, पण खरा आकडा ४६,००० हा आहे. युरोपातून आणलेल्या वेगळ्या मापाच्या पिस्तुलाला काडतूस मिळालं नाही तर ते निव्वळ लोखंड. या पिस्तुलांबरोबर लाकडी खोळ यायची, ती मागे जोडली की खांद्याला लावून नेम धरता येई. ९ सप्टेंबर १९१५ ला ओडिशात बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, आणि त्यांचे चार साथीदार पोलिसांच्या मोठ्या तुकडीशी लढले ते माउझरनेच. साथीदारांपैकी चित्तप्रिय तिथेच मारले गेले. जतींद्रनाथ दुसऱ्या दिवशी बालासोरच्या इस्पितळात वारले.

आणि महाराष्ट्राचं म्हणाल तर नाशिक. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगमधून. लंडनच्या इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात आणली होती. तुमच्या तक्त्यात ब्राउनिंग सगळ्यांत खाली आहे. पण चपटं, लहान, नाटकाच्या गर्दीत अंगावर लपवता येण्याजोगं पिस्तूल त्या काळी ब्राउनिंगच होतं. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे तेव्हा विशीचेही नव्हते.

रानवारा:

अंगावर काटा आला, जुने दप्तर. ९२० चं गणित कधी सुचलंच नव्हतं.

माउझरचा आणखी एक धागा मुंबईशी जुळतो. १८९६ मध्ये विन्स्टन चर्चिल तरुण घोडदळ अधिकारी म्हणून मुंबईत उतरला. ससून डॉकच्या ओल्या पायऱ्यांशी होडी वरखाली होत होती. त्याने भिंतीतली लोखंडी कडी पकडली, होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. तो खांदा पुढे आयुष्यभर दगा देत राहिला. म्हणून सप्टेंबर १८९८ मध्ये सुदानमध्ये ओमदुर्मानला घोडदळाच्या हल्ल्यात त्याने तलवारीऐवजी माउझर हातात घेतलं. त्याने स्वतःच हे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. वेब्लेची बाजू घेताना ही गोष्ट माझ्या विरोधात जाते, पण खरी आहे.

लातूरचा सर्जन:

ऊर्जा की संवेग, हा वाद वाचून दोन ओळी. १९०४ मध्ये अमेरिकन सैन्याने नेमक्या याच प्रश्नासाठी चाचण्या केल्या. शस्त्र विभागाचे थॉम्पसन आणि वैद्यकीय विभागाचे लागार्ड. शिकागोच्या कत्तलखान्यातली गुरं आणि मृतदेह यांच्यावर वेगवेगळी काडतुसं झाडून पाहिली. त्यात लुगरचं ७.६५ होतं, नवं ९ मिमी होतं आणि इंग्रजांचं .४५५ ही होतं. निष्कर्ष निघाला की सैनिकी पिस्तुलाचा बोअर (नळीचा आतला व्यास) .४५ इंचाच्या खाली नसावा. त्यातून पुढे १९११ चं कोल्ट आलं.

डॉक्टर म्हणून सांगतो, तेवढ्या मोजक्या जनावरांवरून इतका ठाम आकडा काढणं मला मान्य नाही. गोळी कुठे लागली यावर सगळं ठरतं. मोठी रक्तवाहिनी किंवा मज्जारज्जू सापडला तर ब्राउनिंगही पुरतं, नाही सापडला तर वेब्लेचीही खात्री नाही. टूलरूम यांची दोन्ही गणितं बरोबर आहेत, पण जखमेचं उत्तर त्या दोन्हींत नाही. युरोपातल्या बहुतेक सैन्यांनी या निष्कर्षाकडे पाठ फिरवली याचं मला नवल वाटत नाही. तिथे पिस्तूल हे मुख्यतः अधिकाऱ्याचं आणि स्वाराचं हत्यार होतं. रायफल आणि तोफ लढाई लढत होत्या.

मोजमाप:

रशियाचं नाव अजून कुणी घेतलं नाही! नागां १८९५ रिव्हॉल्व्हर, ७.६२ मिमी. यात गोळी पुंगळीच्या बाहेर दिसतच नाही, पूर्ण आत बुडालेली असते. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, ताणला की चक्र पुढे सरकतं, पुंगळीचं निमुळतं तोंड नळीत शिरतं आणि चक्र-नळीमधली फट बंद होते. इतर बहुतेक रिव्हॉल्व्हरांत त्या फटीतून वायू निसटतो. गोळी ७ ग्रॅमची, वेग २७० च्या आसपास. सात गोळ्या.

खुलासा एकच: अधिकाऱ्यांच्या नागांमध्ये नुसता चाप ओढून गोळी सुटे, शिपायांच्या नागांमध्ये दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे. शिपाई काडतुसं वाया घालवतील ही भीती. एकच हत्यार, एकच काडतूस, आणि माणसाच्या हुद्द्याप्रमाणे यंत्रणा वेगळी.

टूलरूम:

मोजमाप, नागांचं यंत्र मला फार आवडतं आणि तितकंच अनावश्यकही वाटतं. एवढी फट बंद करण्याची धडपड, आणि बदल्यात चाप ओढायला फार जड. रिकाम्या पुंगळ्या एकेक करून दांड्याने ढकलून काढायच्या, ते वेगळंच. पण नळीचा बोअर रायफलइतकाच ७.६२ ठेवला, म्हणजे नळीकामाची हत्यारं एकच. ते मात्र शहाणपणाचं.

निवृत्त सुभेदार:

नमस्कार मंडळी. मी लिहिणारा माणूस नाही, पण ९ मिमी हातात बरीच वर्षं होतं. आपलं ९ मिमी पिस्तूल, ईशापूरच्या कारखान्यातलं १ए, ते ब्राउनिंग हाय-पॉवरच. आणि कारबाइन, कानपूरची, मुळात इंग्रजांची स्टर्लिंग सबमशीनगन.

टूलरूम साहेबांनी पाव मिलिमीटरच्या उताराचं लिहिलंय. ते वाचून मी जागचा उठलो. रंगरूट मुलं नेहमी विचारायची, उस्ताद, कारबाइनचं मॅगझिन वाकडं का? आम्ही सांगायचो, तसंच असतं. आज कळलं का ते. एका काडतुसाचा उतार डोळ्याला दिसत नाही, पण तीस-चौतीस एकावर एक रचली की रांग आपोआप वळते. बरोबर ना?

खडकीच्या कारखान्यातल्या काडतुसांच्या बुडावर के. एफ. ही अक्षरं असायची. त्या पुंगळ्या फायरिंग झाल्यावर मोजून परत द्याव्या लागत. एक कमी पडली तर सगळी प्लाटून गवतात बसून शोधायची.

टूलरूम:

काका, अगदी बरोबर! लुगरने १९०२ मध्ये ठेवलेला तो उतार तुमच्या मॅगझिनच्या बाकात आला. ३२ वर्षांत इतकं चांगलं उदाहरण मला कुणी दिलं नव्हतं. इंग्रजांच्या आधीच्या स्टेन सबमशीनगनचं मॅगझिन सरळ होतं आणि ते अडकण्यासाठी बदनाम होतं. स्टर्लिंगने ते वाकवलं.

सांगलीकर:

धागा उत्तम, पण टूलरूम यांच्या मुख्य मुद्द्याला माझा विरोध आहे. ९ मिमी सबमशीनगनमुळे जिंकलं म्हणता. मग हे सांगा: पोलंडने १९३५ मध्ये विस पिस्तूल घेतलं ते ९ मिमी पॅराबेलममध्ये. बेल्जियमचं हाय-पॉवर १९३५, तेही त्यातच. फिनलंडचं लाहती १९३५, तेही. या तिघांवर तेव्हा कुणाची सक्ती नव्हती, जर्मनीने त्यातलं काही जिंकलेलं नव्हतं. तिघांनीही ते पिस्तूल म्हणूनच निवडलं. म्हणजे पिस्तुलाचं काडतूस म्हणून त्याच्यात काहीतरी होतंच की.

टूलरूम:

सांगलीकर, हा मुद्दा मला दोन दिवस छळत होता, म्हणून उत्तराला उशीर झाला. १९१८ ते १९३५ ही १७ वर्षं मी गाळून उडी मारली होती, हे कबूल.

पण या १७ वर्षांत ९ मिमीजवळ एक गोष्ट होती जी स्टायरजवळ राहिली नाही: पाठीमागे उभं राहणारं उत्पादन. युद्धात जर्मनीने ते इतक्या प्रमाणात काढलं, की १९१६ मध्ये माउझर सी ९६ सुद्धा १,५०,००० च्या ऑर्डरवर याच काडतुसासाठी बनवून घेतली. ७.६३ चुकून त्यात जाऊ नये म्हणून लाकडी मुठीवर मोठा ९ कोरून लाल रंगवला. ऑस्ट्रिया-हंगेरी मात्र १९१८ मध्ये फुटली, आणि स्टायरच्या काडतुसाचं मोठं गिऱ्हाईकच संपलं. शिवाय आखूड पुंगळीचा फायदा तुमच्या बाजूचा आहे. हाय-पॉवरमध्ये १३ काडतुसं दोन रांगांत बसतात आणि तरी मूठ पकडता येते, ते १९ मिमी लांबीमुळे. २३ मिमीत ती मूठ पुढूनमागे आणखी लांब झाली असती. तेव्हा निव्वळ सबमशीनगन हे माझं म्हणणं मी मागे घेतो. आखूड लांबी, तयार उत्पादन आणि एमपी १८ अशी तिन्ही कारणं धरू.

एवढं मात्र सोडत नाही: त्या काळातल्या गर्दीतून दुसरं जे काडतूस मोठ्या सैन्यात टिकलं ते माउझरचं. सोव्हिएत रशियाने त्यावरूनच १९३० मध्ये आपलं ७.६२ टोकारेव्ह केलं, आणि ते पुढे लाखो पीपीएशा सबमशीनगनांत गेलं. दोन्ही विजेते सबमशीनगनची काडतुसं आहेत. उलट स्विस सैन्याने पिस्तुलापुरतंच पाहिलं, ते ७.६५ वर खुशाल राहिले आणि १९४९ मध्ये ९ मिमीवर आले.

नवशिकी:

एक शेवटचा प्रश्न. ग्लिसेंटी आणि पॅराबेलम दोन्ही १९ मिमी म्हणालात. मग ती एकच नाहीत का?

टूलरूम:

याच प्रश्नाची वाट पाहत होतो. मापं जवळपास एकच. दारू वेगळी. इटलीचं १९१० चं ग्लिसेंटी पिस्तूल मुळात छोट्या ७.६५ काडतुसासाठी आखलेलं, सैन्याने ९ मिमी मागितलं. त्या पिस्तुलाची डावी बाजू म्हणजे स्क्रू काढला की निघणारी झाकणासारखी पाटी. साफसफाईला सोयीची, ताकदीला वाईट. जर्मन भरणा तिला झेपला नसता, म्हणून दारू कमी केली. पण पुंगळी तशीच ठेवली. परिणाम असा की जर्मन काडतूस इटालियन पिस्तुलात बिनतक्रार बसतं आणि झाडलं जातं, आणि पिस्तूल हळूहळू, कधी एकदम, खिळखिळं होतं.

आमच्या टूलरूममध्ये एकदा एकाच मापाचे, वेगळ्या कडकपणाचे बोल्ट एका ट्रेमध्ये आले होते. डोळ्याला काही फरक नाही. त्या दिवशी एका पोराचं बोट थोडक्यात वाचलं. जे चुकून बसू नये ते बसूच नये, अशी मापं वेगळी ठेवणं हे ड्रॉइंग करणाऱ्याचं काम आहे. त्या दृष्टीने मला युरोपातल्या त्या सातही ९ मिमींत सर्वांत वाईट काडतूस ग्लिसेंटी वाटतं, त्याचा वेग कितीही असो.

डोनाउकाठी:

टूलरूम, पुढच्या शनिवारी संग्रहालयात जाते आहे. ०८ शिक्क्याचं स्टायर तिथे मांडलेलं असेल तर फोटो इथे टाकते.

टूलरूम:

वाट पाहतो, ताई. शिक्का डाव्या बाजूला, वरच्या सरकत्या भागावर बघा. वेब्लेचा परिच्छेद आणि सांगलीकरांची दुरुस्ती मूळ लेखात आज रात्री घालतो.